पावसाने दडी मारली त्या वर्षी भात किती निघणार? कापणीआधी आकडा काढायची पद्धत

गणपती गेले की वाडीत एकच विषय असतो, यंदा भात किती होणार. पाऊस वेळेवर पडलेला असला की जुनी माणसं बांधावर उभी राहून सांगतात आणि ते बऱ्यापैकी बरोबर निघतं, कारण तेच शेत त्यांनी जन्मभर बघितलेलं असतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस दोन-तीन आठवडे गायब झाला असेल ना, तर बांधावरून बघून काही कळत नाही. शेत लांबून पिवळं-हिरवं मस्त दिसतं, लोंब्या पण दिसतात, आणि झोडणीला बसलं की सुपात अर्धं पळींज, म्हणजे पोचट दाणे. मुंबई-पुण्यातून गावी परत येऊन पहिल्यांदाच भात लावलेल्यांसाठी हे लिहितोय, पण आधीपासून शेती करणाऱ्यांनी पण एकदा मोजून बघायला काही हरकत नाही. मेहनत फार नाही, एक सकाळ शेतात आणि एक संध्याकाळ ओटीवर, एवढंच.

आता कुणी म्हणेल कोकणात कसला दुष्काळ, इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडतो, पण भाताला एकूण पाऊस किती झाला याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला त्या त्या आठवड्यात पाणी लागतं. आपल्या जांभ्या जमिनीत पाणी थांबत नाही, सड्याजवळच्या (कातळी पठाराजवळच्या) खाचरांत तर मातीचा थरच वीतभर, खाली कातळ. जुलैत वाहून गेलेलं पाणी सप्टेंबरात उपयोगाला येत नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल, देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. अशा वर्षी जिल्ह्याच्या पावसाची टक्केवारी बघून आपल्या भाताचा अंदाज बांधणं चुकीचंच, एकाच गावात वरच्या वाडीचं भात गेलेलं असतं आणि खालच्या वाडीचं व्हाळाकाठचं, म्हणजे ओढ्याकाठचं, व्यवस्थित असतं.

पाणी कधी तुटलं ते आधी आठवा

शेतात उतरायच्या आधी एक वही घ्या आणि लिहा, लावणी कधी झाली, वाण कुठला, आणि खाचरातलं पाणी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आटलं होतं. जमिनीला भेगा पडल्या होत्या का, तेही. तारीख आठवत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, ते नक्षत्रावर सांगतील, पूर्वा कोरडी गेली, उत्तरात थोडा पडला, असं. पूर्वा म्हणजे साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, उत्तरा त्यापुढे २६-२७ सप्टेंबरपर्यंत, मग हस्त.

हे एवढ्यासाठी की पाणी कुठल्या वेळी तुटलं त्यावर नुकसान कुठे शोधायचं ते ठरतं. फुटवे फुटताना तुटलं असेल तर लोंब्यांची संख्या कमी होते, पण नंतर पाऊस आला तर पीक बरंच सावरतं. पोटरीत असताना (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हा) किंवा निसवताना (लोंबी बाहेर पडताना) तुटलं तर ते सगळ्यात वाईट. भाताचं फूल सकाळी ९ ते १२ च्या दरम्यान थोडा वेळच उघडतं, एक लोंबी शेंड्याकडून खाली फुलत यायला आठवडाभर घेते, आणि तेवढ्या दिवसांत झाड तहानलेलं असलं तर परागकण मरतात, लोंबी पण पोटरीतून पूर्ण बाहेर येत नाही, खालचा भाग पानाच्या आवरणातच अडकून राहतो आणि तिथले दाणे पोचट जातात. दाणा भरताना तुटलं तर दाणे होतात पण काही अर्धवट भरतात, मिलमध्ये त्यांची कणी जास्त पडते.

म्हणून वाणाप्रमाणे फरक पडतो. कर्जत ३ सारखं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात ऑगस्टच्या शेवटाला-सप्टेंबरच्या सुरुवातीला निसवतं, तेव्हा पूर्वा कोरडी गेली की नेमकं तेच सापडतं. गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात त्यावेळी अजून पोटरीत पण नसतं, ते वाचू शकतं, पण त्याला पुढे हस्ताचा पाऊस पडावा लागतो. शेजाऱ्याचं भात गेलं म्हणून आपलं गेलंच असेल असं नाही, आणि उलटंही तसंच.

मोजायचं कधी

निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण ३० दिवस जातात. पहिला ढोबळ अंदाज निसवून १२-१५ दिवस झाले की घेता येतो. एक लोंबी सूर्याकडे धरून बघा, भरलेला दाणा काळपट, गच्च दिसतो आणि पोचट दाण्यातून उजेड आरपार दिसतो. पाच-सात ठिकाणी असं बघितलं तरी कळतं की परिस्थिती बरी आहे की वाईट. हे बघणं सकाळी किंवा संध्याकाळी करा, तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतं.

खरा आकडा मात्र कापणीच्या ७ ते १० दिवस आधीच काढायचा, लोंबीतले निम्म्याहून जास्त दाणे पिवळे झाले की. त्याच्या आधी मोजलंत तर दुधातला दाणा पुढे भरेल की नाही ते सांगता येत नाही, आणि आपण आशेवर सगळे भरतील असंच धरतो.

खाचरांचे गट पाडा, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळी खाचरं उन्नीस-बीस फरकाने सारखी असतात, कुठूनही मोजलं तरी चालतं. कोरड्या वर्षी तसं नसतं. वरच्या खाचरात गुंठ्याला १५ किलो आणि चार पायऱ्या खाली ४५ किलो, हे एकाच घराच्या शेतात होतं. आणि माणूस मोजायला कुठे जातो, तर जिथे जायला सोपं, म्हणजे रस्त्याजवळ नाहीतर व्हाळाजवळ, जिथे पीक चांगलं आहे तिथे, आणि मग तोच आकडा सगळ्या शेताला लावतो.

एक फेरी मारा, हातात वही. प्रत्येक खाचराला तीनपैकी एक शेरा द्या, तहानलेलं, मधलं, आणि चांगलं. कशावरून ठरवायचं? उंची बघा, तहानलेलं भात गुडघ्या-मांडीपर्यंतच राहतं. जमिनीत जुन्या भेगांच्या खुणा बघा, पाऊस परत आल्यावर भेगा भरतात पण चिखलात रेषा राहतात. खालची पानं वाळून गेलेली आहेत का बघा, लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर आली आहे का बघा. एकाच मोठ्या खाचरात पण वरच्या बांधाकडची बाजू तहानलेली आणि पाणी तुंबतं ती बाजू चांगली असं असू शकतं, तर ते दोन तुकडे वेगळे धरा.

मग प्रत्येक गटाचं क्षेत्र काढा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र घेऊ नका, त्यात बांध पण येतात आणि डोंगरउताराच्या शेतात बांधांनी बरीच जागा खाल्लेली असते. मोजपट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजा, वेडंवाकडं खाचर असेल तर दोन-तीन ठिकाणी रुंदी मोजून सरासरी घ्या. फोनवरची क्षेत्र मोजायची ॲप मोठ्या शेताला ठीक आहेत, दोन-तीन गुंठ्यांच्या खाचराला त्यांची चूक फार मोठी पडते, झाडाखाली तर अजूनच. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, ४० गुंठ्यांचा एकर.

चौकट बनवा आणि ती कुठे ठेवायची

१ मीटर बाय १ मीटरची चौकट लागते. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांची करा किंवा प्लंबिंगच्या पाईपची, फक्त आतलं माप बरोबर १ मीटर पाहिजे. मी सांगेन चौथी बाजू सुटी ठेवा, म्हणजे उभ्या भातात खालून सरकवता येते, वरून टाकलेली चौकट लोंब्यांवर अडकून बसते आणि दाणे पण गळतात.

ती कुठे ठेवायची हे आपण ठरवायचं नाही. डोळा आपोआप चांगल्या जागेकडे जातो, काहींचा वाईट जागेकडे जातो, दोन्हीने आकडा बिघडतो. सोपा उपाय, खिशातली नोट काढा, नंबरचे शेवटचे दोन आकडे बघा. ३७ असेल तर बांधाच्या कोपऱ्यातून लांबीच्या बाजूने ३ पावलं आणि आत ७ पावलं, तिथे पायाच्या पुढे चौकट. आकडा खाचराच्या बाहेर जात असेल किंवा ० आला तर दुसरी नोट. बांधापासून निदान दोन ओळी सोडा, कडेच्या चुडांना (चूड म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) उजेड जास्त मिळतो, त्यांच्या लोंब्या मोठ्या असतात. गट लहान असला तरी तीन चौकटी तरी घ्या, आणि तहानलेल्या गटात पाच घ्या, कारण तिथे जागोजागी फरक जास्त असतो.

चौकटीच्या काठावर आलेल्या चुडांचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडचे, बुध गावचे, आपल्या देशात पीक कापणी प्रयोगांची (ठरावीक तुकडा कापून, वजन करून उत्पन्न काढायची) पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की मोजायचा तुकडा फार लहान असला तर उत्पन्न नेहमी जास्तच येतं, कारण काठावरचं झाड आत की बाहेर असा प्रश्न आला की मोजणारा ते आत घेतो. चौकट जेवढी लहान तेवढा काठ जास्त, तेवढी चूक जास्त. म्हणून नियम आधीच ठरवा, चुडाचा बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल तरच आत. आणि बरोबर मधे असलेले एक आड एक घ्या. लोंबी आत झुकलेली आहे म्हणून चूड आत धरायचा नाही.

आता चौकटीतल्या सगळ्या लोंब्या मोजा आणि लिहा. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावलं असेल तर साधारण ३३ चूड येतील, चारसूत्रीने (ठरावीक अंतरावर लावायच्या सुधारित पद्धतीने) लावलं असेल तर २५ च्या आसपास, त्यापेक्षा फार वेगळं आलं तर चौकट नीट बसली का ते बघा, किंवा मग तिथे रोपं मेलेली आहेत, आणि मेलेली असली तर तोही खरा आकडाच आहे, जागा बदलू नका.

दोन प्रकारच्या लोंब्या वेगळ्या लिहा. एक, पूर्ण पांढऱ्या पडलेल्या. त्या पाण्याने गेल्या की खोडकिड्याने ते बघायला लोंबी धरून वर ओढा, सहज सुटून हातात आली आणि बुडाशी कुरतडलेली असली तर खोडकिडा. दोन्ही हिशोबातून बाहेरच, पण पुढच्या वर्षी काय करायचं ते यावरून कळतं. दुसऱ्या, उशिरा निसवलेल्या हिरव्या लोंब्या. कोरड्या वर्षात हे खूप होतं, पाऊस परत आला की चुडाला नवीन फुटवे येतात, ते पंधरा दिवस मागे असतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं लोंब्या भरपूर आहेत, पण कापणीच्या दिवशी त्यांच्यात दूधच असणार. त्या मोजू नका. अगदी थोड्याच दिवसांनी मागे असतील आणि तुम्ही कापणी पुढे ढकलणार असाल तर निम्म्या धरा, त्यापेक्षा जास्त नाही.

लोंबीतले दाणे, इथे घाई नको

चौकटीत एका चुडाला सरासरी किती लोंब्या येतात ते काढा, समजा ६. मग बरोबर ६ लोंब्या असलेले दोन चूड शोधा आणि ते अख्खे कापून घ्या, बारक्या लोंब्यांसकट. पिशवीवर गटाचं नाव आणि चौकटीचा नंबर लिहा, नाहीतर घरी आल्यावर सगळा गोंधळ.

लोंब्या निवडून घेऊ नका हे मुद्दाम सांगतोय, कारण हात मोठ्या लोंबीकडेच जातो. चुडातली मधली लोंबी ऐटीत उभी असते, १०० च्या वर दाणे, आणि तिच्या मागे दोन बारक्या असतात ज्यांच्यात ३०-४० दाणे आणि त्यातले पण निम्मे फुसके.

ओटीवर वर्तमानपत्र पसरा. लोंबी डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने दाणे ओरबाडा, शेंड्याकडून देठाकडे. मग एकेक दाणा बोटाच्या चिमटीत दाबायचा, भरलेला असला तर टणक लागतो, पोचट असला तर चपटा होतो. अर्धवट भरलेला असला तर दाबला जातो पण आत काहीतरी लागतं, त्याला तिसरा ढीग करा. एक लोंबी उलगडून बघितलीत ना की पावसाचं पूर्ण गणित दिसतं, शेंड्याकडच्या फांद्यांवर पाठोपाठ भरलेले पिवळे दाणे, मधे एक आड एक, आणि खाली देठाजवळ ओळीने पांढरट, चपटे, हलके. शेंडा आधी फुलला तेव्हा जमिनीत थोडी ओल होती, खालचे फुलायला आले तेव्हा ती संपली होती. उलटं पण बघायला मिळतं, शेंडा पोचट आणि खालचे भरलेले, म्हणजे पाऊस मधेच परत आला.

मोजायचा कंटाळा आला तर पाण्याची युक्ती आहे. बियाण्याला आपण १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून त्यात भात बुडवतो आणि तरंगणारं काढून टाकतो, तसंच इथे करा, बुडलेले ते भरलेले, तरंगलेले ते पळींज. अर्धवट भरलेले बरेचसे तरंगतात, आणि तेच बरोबर आहे, वारवताना (वाऱ्यावर उफणताना) ते पळिंजाबरोबर उडूनच जाणार असतात.

भरलेल्या दाण्यांची एकूण संख्या भागिले लोंब्यांची संख्या, म्हणजे एका लोंबीतले सरासरी भरलेले दाणे. पळिंजाची टक्केवारी पण लिहून ठेवा. चांगल्या वर्षी शंभरातले १५-२० पोचट असणं काही विशेष नाही. ४०-५० च्या वर गेलं तर समजायचं निसवतानाच तहान लागली.

हजार दाण्यांचं वजन

भरलेले दाणे दोन-तीन उन्हं दाखवा, मग २०० दाणे मोजून वजन करा आणि ५ ने गुणा. काटा ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा पाहिजे, स्वयंपाकघरातला साधा काटा २०० दाण्यांना चुकतो, तोच असेल तर अख्खे १००० मोजा. बारीक दाण्याच्या वाणात हजारी वजन १५ ते २० ग्रॅम, मध्यम २० ते २४, जाड्या भातात २५ ते ३० असं साधारण येतं.

भाताची एक खासियत आहे, दाण्याचं टरफल आधीच ठरलेल्या मापाचं तयार होतं आणि तांदूळ त्याच्या आत वाढतो, त्यामुळे भरलेल्या दाण्याचं वजन कोरड्या वर्षात पण फार हलत नाही, ग्रॅम-दोन ग्रॅम. मार बसतो तो लोंब्यांच्या संख्येवर आणि भरलेल्या दाण्यांवर. म्हणून वजनाला काटा नसेल तर वाणाच्या पिशवीवरचा आकडा धरून पण चालून जाईल, पण दाणे मोजणं टाळून चालणार नाही.

हिशोब

चौरस मीटरातल्या लोंब्या × एका लोंबीतले भरलेले दाणे × हजारी वजन, भागिले १०००. उत्तर ग्रॅममध्ये, एका चौरस मीटरचं. त्याला १०१ ने गुणून १००० ने भागलं की गुंठ्याचे किलो.

उदाहरण घेऊ, ४० गुंठे निव्वळ क्षेत्र, बांध सोडून.

वरची तहानलेली खाचरं १२ गुंठे. लोंब्या १६०, भरलेले दाणे ४५, वजन २० ग्रॅम. १६० × ४५ × २० ÷ १००० = १४४ ग्रॅम. गुंठ्याला १४.५ किलो, १२ गुंठ्यांचे १७४ किलो.

मधली १८ गुंठे. लोंब्या २२०, दाणे ७०, वजन २२. चौरस मीटरला ३३९ ग्रॅम, गुंठ्याला ३४.२ किलो, एकूण ६१६ किलो.

खालची १० गुंठे. लोंब्या २४०, दाणे ८५, वजन २३. चौरस मीटरला ४६९ ग्रॅम, गुंठ्याला ४७.४ किलो, एकूण ४७४ किलो.

सगळे मिळून १२६४ किलो. आता हेच जर फक्त खालच्या खाचरात मोजून ४० गुंठ्यांना लावलं असतं तर १८९६ किलो आले असते, म्हणजे ६०० किलोच्या वर भात जे शेतात नाहीच आहे. त्याच्या भरवशावर कुणी व्यापाऱ्याला शब्द दिला किंवा घरचं वर्षाचं धान्य धरलं तर पंचाईत होते.

या १२६४ मधून अजून वजावट करायचीच आहे. कापताना गळतं, भारे वाहताना गळतं, झोडल्यावर पेंढ्यात राहतं, रात्री रानडुक्कर येऊन जातो, दिवसा माकडं. कापणीच्या तोंडावर लष्करी अळी आली तर लोंब्या तोडून खाली पाडते. मी १० टक्के धरतो, जंगलालगत शेत असेल तर १५ धरा. १० टक्क्यांनी ११३८ किलो राहिलं. मिलमधून तांदूळ शंभराला ६५ किलो धरला तर ७४० किलोच्या आसपास, आणि कोरड्या वर्षाच्या भातात कणी जास्त जाते हे लक्षात असू द्या, अख्खा तांदूळ त्याहून कमी. आणि सगळं किलोतच लिहा, खंडी-मणाचं माप गावागणिक बदलतं, त्यात बोललं की गैरसमज होतात.

एकदा कापून पण बघा

मोजणीवर विश्वास बसायचा असेल तर प्रत्येक गटात एक ५ मीटर बाय २ मीटरचा तुकडा दोरी लावून आखा, कापणीच्या दोन दिवस आधी तेवढाच कापा, ताडपत्रीवर झोडा, वारवा, वजन करा. १० चौरस मीटरचे किलो × १०.१ म्हणजे गुंठ्याचे किलो. इथे ओलाव्याचं भान ठेवा. कापणीच्या वेळी दाण्यात २० ते २५ टक्के पाणी असतं, साठवायला १४ च्या खाली पाहिजे. ओल्या वजनाला (१०० वजा ओलावा) ने गुणायचं आणि ८६ ने भागायचं, २२ टक्के ओलाव्याचं २० किलो भात वाळून साधारण १८ किलो होतं. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर सरळ वाळवून मगच वजन करा. मोजणीचा आणि कापणीचा आकडा १५ टक्क्यांच्या आत जुळला तर ठीक, जास्त फरक असेल तर बहुतेक वेळा क्षेत्रात चूक असते, मोजपट्टी पुन्हा काढा.

वरकसावर मका लावला असेल तर

हल्ली बरेच जण माळावर, वरकस (उंचावरच्या हलक्या) जमिनीवर मका करतात, त्याचीही पद्धत हीच, फक्त मोजायच्या गोष्टी वेगळ्या. १० चौरस मीटरमधली कणसं मोजा, दाणे धरलेलीच, नुसतं साल आणि बुट्टा असलेली नाही. ओळींचं अंतर ६० सेंटिमीटर असेल तर ओळीत १६.७ मीटर चाललात की १० चौरस मीटर होतात. मग ओळीतलं दर पाचवं कणीस सोला, डोळ्याला आवडलेलं नाही, पाचवंच. दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा, त्या बहुतेक समच असतात, १२, १४, १६. एका ओळीतले दाणे मोजा, शेंड्याकडचे बारके सुकलेले सोडून. चौरस मीटरला ५ कणसं, १४ ओळी, २२ दाणे, म्हणजे १५४० दाणे.

आता वजन. भातासारखं इथे नाही, मक्याच्या दाण्याचं वजन पाण्याप्रमाणे खूप हलतं. चांगल्या वर्षी एक दाणा पाव ग्रॅम ते ०.३ ग्रॅम भरतो, तहानलेल्या पिकात ०.२ च्या खाली पण जातो, तेव्हा चांगल्या वर्षाचा आकडा घेऊन गुणाकार केला तर फसायला होतं. ०.२ धरलं तर १५४० दाण्यांचे ३०८ ग्रॅम, गुंठ्याला ३१ किलो. दाणे धरले की नाही ते फार आधी पण बघता येतं, तुऱ्यातून पराग पडून आठवडा-दहा दिवस झाले की एक कणीस हळूच सोला, साल काढताना केस तुटू देऊ नका, आणि कणीस उलटं धरून हलवा. ज्या दाण्याचं फलन झालं त्याचा केस गळून पडतो, ज्याचं नाही झालं त्याचा चिकटून राहतो. कोरड्यात तुरा वेळेवर येतो आणि केस उशिरा निघतात, दोघांची गाठच पडत नाही, म्हणून अर्धं कणीस टकलं राहतं.

आकडा हातात आल्यावर

पहिलं, मजूर आणि मळणी यंत्र किती तासांचं लागणार ते ठरवा, गोण्या तेवढ्याच आणा. पेंढा वेगळा धरा, सुधारित वाणात भात आणि पेंढा वजनाला जवळपास सारखे असतात पण कोरड्या वर्षी पेंढ्याचं पारडं जड होतं, आणि गुरांना, आंबा पिकवायच्या आढीला, आंब्याच्या पेटीला तो लागतोच, तेव्हा भात कमी म्हणून पेंढा फुकट घालवू नका.

बियाणं ठेवायचं असेल तर खालच्या चांगल्या खाचरातलंच ठेवा आणि ते कापणीआधीच काठी रोवून राखा. तहानलेल्या खाचरातला अर्धवट भरलेला दाणा पुढच्या जूनमध्ये नीट रुजत नाही.

विमा उतरवला असेल तर एक गोष्ट स्पष्ट असू द्या, पाऊस कमी पडल्याची भरपाई तुमच्या एकट्याच्या शेतावरून ठरत नाही, महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी आणि उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली सरासरी गेली की भरपाई लागू होते ती ठरवलेली पातळी) यावरून ठरते. तुमची वही तिथे पुरावा म्हणून चालणार नाही. पण प्रयोगाचा प्लॉट आपल्या गावात पडला असेल तर त्या दिवशी जाऊन उभं राहायचा आणि बघायचा फायदा नक्की आहे, आता तुम्हाला चौकट कशी लावतात ते माहीत आहे, काठावरचे चूड कुठे जातात त्याकडे लक्ष द्या. आणि ई-पीक पाहणी वेळेत केलेली असू द्या, सातबाऱ्यावर भाताची नोंदच नसेल तर पुढे सगळीकडे अडतं, सरकारी खरेदी केंद्रावर पण.

वरच्या तहानलेल्या खाचरांचा निर्णय शेवटी मजुरीवर येतो. गुंठ्याला १४ किलोचं भात कापायला, बांधायला आणि खाली वाहून आणायला जेवढी मजुरी जाते ती त्या भाताच्या किमतीच्या वर जात असेल, आणि घरचे हात नसतील, तर ते दाणा पूर्ण पिकायची वाट न बघता थोडं हिरवं असतानाच वैरणीसाठी कापून टाका, पान हिरवं असलं तर गुरं आवडीने खातात, दाणे पण त्यांच्याच पोटात जातात. फक्त कापल्यावर दोन दिवस कडक ऊन मिळेल असं बघा, हस्ताचा पाऊस अंगावर आला तर वैरण काळी पडते.